शेड बांधूया, पण वाऱ्याला विचारून

(आपल्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून देताना आकडेमोड तेवढी नीट मांडली आहे.)



सकाळपासून भाषणे चालली आहेत. कोणी कविता म्हटली, कोणी रडवले, कोणी हसवले. माझ्या वाट्याला जेवणानंतरची वेळ आली आहे, म्हणजे अर्धे लोक डुलक्या घेणार हे नक्की. शिवाय माझा विषय लोखंडाचा आहे. तरी पंधरा मिनिटे सांभाळून घ्या. विषय कोरडा असला तरी आपल्या सगळ्यांच्या पैशाचा आणि शाळेतल्या लेकरांच्या जिवाचा आहे.

आपण सर्वांनी मिळून शाळेला एक शेड बांधून द्यायचे ठरवले आहे. चाळीस फूट बाय पंचवीस फूट. खाली मुले परिपाठाला बसतील, दुपारी पोषण आहार तिथेच घेतील, गॅदरिंग तिथेच होईल. वर्गणी जमली, जागा ठरली. व्हॉट्सॲप ग्रुपवर एका फॅब्रिकेटरचे कोटेशनही आले. त्यात पत्र्याचा रंग लिहिला आहे, कंपनी लिहिली आहे, चौरस फुटाचा भाव लिहिला आहे. खांब कोणत्या मापाचा, खड्डा किती खोल, कैची कशी, याचा एक शब्दही नाही. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी दाखवला नाही, म्हणून संयोजकांनी मला आज उभे केले आहे.

मी गेली पंचवीस वर्षे कारखान्यांच्या शेडची ड्रॉइंग करतो. तेव्हा हे बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे समजतो.

पहिली गोष्ट. शेडबद्दल आपल्या सगळ्यांच्या मनात एक चित्र असते की शेड पडते ती वजनाने. म्हणून आपण विचारतो, "खांब जाड आहे ना? दहा माणसे वर चढली तरी वाकणार नाही ना?" पत्र्याच्या शेडला वजनाची भीती फारशी नसतेच. पत्रा पडत नाही, तो उडतो. त्याला भीती आहे ती वाऱ्याने वर ओढले जाण्याची.

आपले विज्ञानाचे सर समोरच बसले आहेत. सर, आपण नववीत कागदाच्या पट्टीचा प्रयोग करून घेतला होता. सगळ्यांच्या हातात कार्यक्रमपत्रिका आहे. तिची एक पट्टी ओठांखाली धरा आणि वरून जोरात फुंकर मारा. बघा, पट्टी खाली दबत नाही, वर उचलली जाते. पत्र्यावरून वारा वाहतो तेव्हा थोड्याफार फरकाने हेच होते. आता ती पट्टी खालूनही फुंकून पाहा. शेडच्या तीन बाजू बंद आणि एक उघडी असेल, तर वारा उघड्या बाजूने आत शिरतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि तो पत्र्याला खालून ढकलतो. वरून ओढ आणि खालून ढकल. शाळेच्या स्टेजची शेड नेमकी अशीच असते, तीन बाजू बंद आणि पुढून उघडी.

आपल्या आजीआजोबांना हे माहीत होते. म्हणून तर पत्र्यावर दगड ठेवायची पद्धत पडली. पण दगडाचे वजन दहा-पंधरा किलो. मोठ्या वादळात पत्रा उचलला गेला, की तोच दगड खाली झोपलेल्या माणसावर येतो.

आता माळवद आठवा. दगड-मातीच्या भिंती आणि वर फूट-दीड फूट मातीचे छत. वाऱ्याची काय बिशाद होती ते उचलायची! पण ३० सप्टेंबर १९९३ आठवतो? आपण दहावीत होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. तिकडे हजारो माणसे त्याच मातीखाली आणि दगडांखाली गेली. इकडे आपणही पुढे कितीतरी दिवस अंगणात झोपलो. त्यानंतर मराठवाड्यातल्या माणसाने जड छताची धास्ती घेतली आणि हलका पत्रा जवळ केला. ते बरोबरच होते. भूकंपात हलके छत बरे. पण वाऱ्याला हलकेच छत आवडते. माळवदाला त्याचे वजनच धरून ठेवत होते. पत्र्याला आपण धरून ठेवावे लागते.

किती जोराने धरायचे, हे अंदाजाने ठरवायचे नसते. त्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग ३. त्याची सध्याची आवृत्ती २०१५ची आहे. त्यात देशाचा नकाशा आहे आणि कोणत्या भागात सेकंदाला किती मीटर वेगाचा वारा धरून बांधकाम करायचे ते दिले आहे. ३३पासून ५५पर्यंत सहा पायऱ्या आहेत. आपल्या उत्तरेला छत्रपती संभाजीनगरसाठी ३९ आहे, दक्षिणेला सोलापूरसाठी ४७ आहे. आपण या दोघांच्या मध्ये राहतो. म्हणून अभियंत्याने नकाशावर आपली जागा नीट पाहून आकडा घ्यायचा असतो. "इकडे कुठे वादळ येते" असे म्हणून चालत नाही.

मी कमीतला आकडा धरून हिशेब सांगतो. सेकंदाला ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. वाऱ्याचा दाब काढायचे सूत्र सोपे आहे. वेगाचा वर्ग करायचा आणि ०.६ने गुणायचे. उत्तर न्यूटनमध्ये येते. आपल्या भाषेत सांगायचे तर दर चौरस मीटरला सुमारे ९३ किलो. पत्रा, परलिन आणि कैची धरून छताचे स्वतःचे वजन चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास. म्हणजे खाली दाबणारे पंधरा आणि वर ओढणारे त्र्याण्णव. कुस्ती कोण जिंकणार ते सांगायला नको.

आपली शेड ९३ चौरस मीटरची आहे. पूर्ण छतावरचा जोर साडेआठ टनांच्या वर जातो.

इथे कोणीतरी म्हणेल, "अरे, माझ्या शेतात दहा वर्षांपासून शेड आहे, काही झाले नाही." खरे आहे. त्याचे कारणही याच सूत्रात आहे. आपल्याकडचा नेहमीचा वळीव ताशी ६० किलोमीटरचा धरला, तर दाब येतो चौरस मीटरला १७ किलो. छताचे वजन पंधरा. जवळजवळ बरोबरी होते. पत्रा खडखडतो, पण राहतो. वेग ६०चा १४० झाला, म्हणजे सव्वादोन पटीहून थोडा जास्त झाला, की जोर साडेपाच पट होतो. म्हणून एखादी शेड दहा वर्षे टिकते आणि अकराव्या वर्षी एका संध्याकाळी जाते. दहा वर्षे टिकली हा मजबुतीचा पुरावा नाही. तो वारा त्या दहा वर्षांत आला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

आता हा जोर शेवटी जातो कुठे? पत्रा स्क्रूला ओढतो. स्क्रू परलिनला, परलिन कैचीला, कैची खांबाला, खांब बेस प्लेटला, बेस प्लेट बोल्टला आणि बोल्ट पायाला ओढतो. बैलगाडीची साखळी जशी असते तसे समजा. सगळ्या कड्या जाड आणि एक कडी तारेची असेल, तर साखळीची ताकद त्या तारेएवढीच. आपण खांबाची जाडी बघून खूश होतो. शेड जाते ती बहुतेक स्क्रूपाशी नाहीतर पायापाशी.

पायाचा हिशेब ऐका. आपल्या शेडला दहा-दहा फुटांवर पाच कैच्या आणि दहा खांब येतील. मधल्या एका खांबाच्या वाट्याला साधारण साडेअकरा चौरस मीटर छत येते. त्यावरचा वर ओढणारा जोर सुमारे १०८० किलो. छताचे वजन वजा केले तरी नऊशे किलो उरतात. सुरक्षिततेसाठी वाऱ्याचा जोर दीडपट धरायचा असा पोलादाच्या मानकाचा, म्हणजे आयएस ८००चा नियम आहे. तो धरला की आकडा दीड टनाच्या जवळ जातो. आणि आपल्याकडे खड्डा कसा घेतात? फूट बाय फूट, दोन फूट खोल. त्यात खांब उभा करायचा आणि काँक्रीट ओतायचे. त्या काँक्रीटचे वजन किती भरते? १३६ किलो. दीड टनाच्या ओढीला १३६ किलोचा खुंटा! बैल सोडा, वासरूही तो उपटेल.

याच खांबाला तीन फूट बाय तीन फूट फुटिंग चार फूट खोल घेतले, तळाला फूटभर काँक्रीट आणि वर मुरूम दाबून भरला, तर काँक्रीट आणि भराव मिळून दीड टनाच्या वर वजन खांबाला धरून बसते. फरक कितीचा? थोडी खोदाई, थोडे सिमेंट, थोडी सळई. पत्र्याच्या रंगावर आपण ग्रुपवर जेवढी चर्चा केली, त्याच्या निम्म्या वेळात हे ठरले असते. अर्थात, हे आकडे मी समजावण्यासाठी ढोबळ घेतले आहेत. याच्यावरून कोणी खड्डा खोदू नका. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहूनच पाया ठरवावा लागतो.

आता दोन घटना सांगतो. दोन्ही आपल्या महाराष्ट्रातल्या, दोन्ही ताज्या.

९ एप्रिल २०२३, रविवारची संध्याकाळ. अकोला जिल्ह्यात बाळापूर तालुक्यातल्या पारस गावी बाबूजी महाराज संस्थानात भाविक जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून लोक पत्र्याच्या शेडखाली थांबले. शेजारचे जुने, भले मोठे कडुनिंबाचे झाड त्या शेडवर कोसळले. सात जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. लोक शेडखाली कशासाठी गेले होते? जीव वाचवण्यासाठी. हे मला फार लागते. शेतातल्या शेडखाली वादळात फारसे कोणी नसते. देवळाच्या आणि शाळेच्या शेडखाली मात्र वादळ आले की माणसे धावत येतात. म्हणजे जेव्हा शेडवर सगळ्यात जास्त जोर असतो, नेमकी तेव्हाच ती माणसांनी भरलेली असते.

दुसरी घटना मुंबईची. १३ मे २०२४. घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळले आणि १७ माणसे गेली. होर्डिंग १२० फूट बाय १२० फूट होते, परवानगीची मर्यादा ४० बाय ४० होती. पाया अपुरा असल्याचे तपासात पुढे आले. वर लोखंड काही कमी नव्हते. पण वाऱ्याला उभे राहायला जे जमिनीखाली लागते ते कमी होते.

पहिल्या घटनेवरून आपल्याला काय घ्यायचे? आपण शेडसाठी जी जागा ठरवली आहे, तिच्या अंगाला शाळेची मोठी झाडे आहेत. सावली मिळेल म्हणून आपण ती जागा निवडली. माझे म्हणणे, झाडाला हात लावू नका, शेड सरकवा. झाडाची जेवढी उंची, त्यापेक्षा जास्त अंतर शेड आणि झाडामध्ये असावे. ज्या झाडांखाली आपण डबे खाल्ले ती राहू द्या, आणि मुलेही सुरक्षित राहू द्या.

फॅब्रिकेटर मंडळींविषयी एक शब्द. आपल्या भागातले फॅब्रिकेटर कामाला कच्चे नाहीत. त्यांच्या हातात कसब आहे. अडचण अशी की त्यांना कोणी ड्रॉइंगच देत नाही. आपण जातो आणि विचारतो, "चौरस फुटाला काय घेणार?" चौरस फुटाचा भाव ठरला की लोखंड जितके कमी तितका त्याचा फायदा. किलोचा भाव ठरवला तर लोखंड वाढते, पण जिथे पाहिजे तिथेच वाढते असे नाही. दोन्हींत त्या माणसाचा दोष नाही. आपण त्याला काय बांधायचे ते सांगितले नाही, फक्त किती द्यायचे ते सांगितले. आधी ड्रॉइंग, मग त्याच ड्रॉइंगवर तीन कोटेशने. तेव्हा कुठे स्वस्त कोण आणि महाग कोण ते कळते.

तर मग आपण काय काय पाहायचे? समितीसाठी सात गोष्टी सांगतो. ज्यांना वाटते त्यांनी मोबाइलवर लिहून घ्या.

१. ड्रॉइंगवर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आणि वाऱ्याचा किती वेग धरला तो आकडा हवा. त्याच मानकात शेताच्या गोठ्याला थोडी सूट आहे आणि रुग्णालयासारख्या इमारतीला जास्तीचा जोर धरायला सांगितले आहे. मुलांच्या शेडसाठी गोठ्याची सूट आपल्याला नको.

२. बाजू उघड्या राहणार की बंद होणार, हे आजच ठरवा. चारी बाजूंनी उघडी म्हणून बांधलेली शेड पुढच्या वर्षी "पाऊस आत येतो" म्हणून तीन बाजूंनी पत्रे लावून बंद केली, तर वाऱ्याचा सगळा हिशेब बदलतो. पुढे वर सोलर लावायचे असेल तर तेही आजच सांगा.

३. कडा आणि कोपरे. छताच्या मधल्या भागापेक्षा कडेला आणि कोपऱ्यात वाऱ्याची ओढ कितीतरी जास्त असते. म्हणून तिथे परलिन जवळ-जवळ आणि स्क्रू दाट. बाहेर काढलेला पत्रा जेवढा लांब, तेवढी वाऱ्याला हाताने धरायला जागा जास्त.

४. ब्रेसिंग, म्हणजे खांबांमधली आणि छतातली तिरपी फुली. खर्च वाचवायचा म्हटले की सगळ्यात आधी हीच कापली जाते, कारण ती नसली तरी शेड उभी दिसते. ती नसेल तर कैच्या ओळीने एकमेकींवर कलंडतात, पत्त्यांसारख्या.

५. जोड. नुसते टाके मारलेले वेल्डिंग चालणार नाही. ड्रॉइंगमध्ये दिलेल्या लांबीचे पूर्ण वेल्डिंग हवे. बेस प्लेटला ड्रॉइंगप्रमाणे फाउंडेशन बोल्ट, आणि नट कसलेले.

६. पाया बुजवण्याआधी फोटो. एकदा मुरूम पडला की आत काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. प्रत्येक खड्ड्यात टेप धरून फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. गुड मॉर्निंगच्या फोटोंपेक्षा हे बरे.

७. देखभाल. खांबाच्या पायाशी पाणी साचू द्यायचे नाही, गंज तिथूनच चढतो. दरवर्षी उन्हाळी वादळे सुरू होण्याआधी, म्हणजे मार्चमध्ये, एकदा वर चढून स्क्रू, वॉशर आणि नट तपासायचे. गावात असलेल्या आपल्यापैकी दोघांनी ही जबाबदारी घ्यावी.

आणखी एक. संस्थेची आणि ग्रामपंचायतीची लेखी परवानगी कामाआधी घ्यावी, उद्घाटनानंतर नव्हे. देणगीची शेड म्हणून कोणी विचारत नाही, म्हणून आपणच विचारून घ्यायचे.

आता खर्चाचे. हो, खर्च वाढेल. जमलेली वर्गणी पुरणार नाही कदाचित. तेव्हा दोन वाटा आहेत. एक, आणखी वर्गणी काढायची. दोन, शेड लहान करायची. चाळीसऐवजी तीस फुटांची करू. तिसरी वाट, म्हणजे माप तेच ठेवून लोखंड आणि पाया कमी करायचा, ही मात्र मला मान्य नाही. तीस फुटांच्या पक्क्या शेडखाली मुले दोन पंगतींत जेवतील, बिघडत नाही.

ड्रॉइंगची फी कोणाला द्यावी लागणार नाही. ते मी करून देतो. शाळेने मला जे दिले त्यापुढे हे काहीच नाही. पण माझी एक अट आहे. माझे ड्रॉइंग माझ्या ओळखीच्या नसलेल्या दुसऱ्या अभियंत्याकडून तपासून घ्यायचे. बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात विचारता येईल. त्याची फी लागली तर वर्गणीतून द्या. "आपल्याच मित्राने केले आहे, आता काय तपासायचे" असे म्हणू नका. गणिताच्या पेपरला उत्तर पुन्हा तपासायची सवय याच शाळेने लावली ना? वाऱ्याला मैत्री कळत नाही.

कोणशिलेवर आपल्या बॅचचे नाव लिहायचे ठरले आहे. जरूर लिहू. शेजारी आणखी एक लहान पाटी लावू या, त्यावर एवढेच: ही शेड ताशी किती किलोमीटरच्या वाऱ्यासाठी बांधली आहे, ड्रॉइंग कोणी केले, तपासले कोणी, आणि शेवटची देखभाल कोणत्या तारखेला झाली. पुढच्या मुख्याध्यापकांना त्या पाटीचा आपल्या नावांपेक्षा जास्त उपयोग होईल.

जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी उद्घाटन करायचे असा आपला विचार आहे. ते जमले तर आनंदच. नाही जमले आणि दिवाळीवर गेले, तर कोणी नाराज होऊ नये. आज सायंकाळी समितीची बैठक आहे. पहिला ठराव ड्रॉइंगचा घ्या आणि कोटेशन तोवर बाजूला ठेवा, एवढीच माझी हात जोडून विनंती आहे.